अर्पणपत्रिकेतली रूथ

“अनघा, रूथ जिवंत आहे.”

शनिवारची सकाळ होती, दहा वाजले असतील. मी नोएडाच्या ऑफिसात, हातात चहाचा कप, आणि फोनवर शरयूताई पाटणकर. संध्याकाळी पाच वाजता त्यांच्या पुस्तकाचं प्रकाशन होतं. अशा दिवशी लेखकांचे फोन येतच असतात. माइक नीट आहे का, हार किती सांगितलेत, अध्यक्ष फार बोलणार नाहीत ना. त्यामुळे मी अर्ध्या कानानेच ऐकत होते. वाक्य डोक्यात शिरायला जरा वेळ लागला. मग मी कप खाली ठेवला.

कारण त्यांच्या पुस्तकाच्या पाचव्या पानावर, मधोमध, ठसठशीत अक्षरांत आम्ही छापलं होतं: ‘दिवंगत रूथ साळवे हिच्या स्मृतीस’.

पाचशे प्रती. शिवून, कव्हर चढवून, फरीदाबादला बाइंडरकडे तयार.

आधी माझं काम सांगते. आमचं प्रकाशन पाच-सहा भाषांत पुस्तकं काढतं. त्यातलं मराठीचं टेबल म्हणजे मी एकटी. दिल्लीत मराठी पुस्तकांची संपादक म्हटलं की लोक आधी “अच्छा?” म्हणतात आणि मग दया येऊन विषय बदलतात. पण इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी माणसं आहेत आणि त्यातल्या पुष्कळांना लिहायचं असतं. शरयूताई त्यातल्याच. वय एक्याऐंशी. सरकारी हॉस्पिटलात नर्स म्हणून लागल्या, मेट्रन होऊन रिटायर झाल्या. आता हिंदूराव हॉस्पिटलच्या बाजूला एका फ्लॅटमध्ये एकट्या राहतात. त्यांनी सहा वह्या भरून नोकरीच्या आठवणी लिहिल्या होत्या. अक्षर औषधाच्या बाटलीवर चिकटवावं असं, सरळ आणि स्वच्छ.

त्या वह्यांमध्ये रूथ पानोपानी होती. रूथ नगरची, मराठी ख्रिश्चन. दोघी एकाच वर्षी नर्सिंग शिकायला दिल्लीत आल्या. होस्टेलवर एक खोली, पुढे क्वार्टर्समध्ये शेजारीशेजारी. पहाटे होस्टेलच्या वॉर्डन हजेरी घ्यायच्या. शरयूताईंना सकाळी जाग यायची नाही. मग त्यांचं नाव पुकारलं की रूथ मागच्या रांगेतून आवाज बदलून “हजर” म्हणायची, आणि तोवर ह्या वेणी घालत जिना उतरत असायच्या. असं तीन वर्षं चाललं म्हणे. मला तो भाग इतका आवडला होता की त्यातली एक ओळही मी कापली नाही.

आणि मग सोळाव्या प्रकरणात रूथ एकदम थांबते. मेट्रनच्या पोस्टसाठी दोघींची नावं होती. पोस्ट शरयूताईंना मिळाली. “त्यानंतर आमचं बोलणं राहिलं,” एवढंच वाक्य. पुढे रूथचं नावच नाही, ते थेट शेवटच्या वहीत लिहिलेल्या अर्पणपत्रिकेत. तिथे ताईंनी लिहिलं होतं, ‘रूथ साळवे हिला’.

आता माझा पराक्रम ऐका. प्रत्येक प्रकाशनाची एक स्टाइल शीट असते. म्हणजे नियमांचा कागद: आकडे अक्षरी लिहायचे की अंकी, कुठल्या डॉक्टरच्या नावामागे काय लावायचं, असलं सगळं. गेलेल्या माणसाच्या नावामागे पहिल्या उल्लेखात ‘कै.’ लावायचं, हा त्यातलाच एक नियम. शरयूताईंच्या वह्यांत ते कुठे होतं, कुठे नव्हतं. मी बसून सगळं एकसारखं केलं. त्यांचे मिस्टर, जुने सर्जन, वॉर्डन, दोन कंपाउंडर, सगळ्यांना कैलासाला पोचवलं. रूथपाशी आले आणि थबकले. ख्रिश्चन बाईला ‘कै.’ कसं लावायचं? कैलासाशी तिचा काय संबंध? मग मी विचार करून, आमच्या उर्दूच्या संपादकांशी चर्चा वगैरे करून, ‘दिवंगत’ लिहिलं. ‘हिला’ काढून ‘हिच्या स्मृतीस’ केलं. आणि आपण किती बारकाईने काम करतो, किती भान ठेवतो, म्हणून दिवसभर स्वतःवर खूश होते.

कुठला शब्द लावावा यावर मी अर्धा दिवस घालवला. बाई गेलीये का, हे विचारायला दोन मिनिटं नाही घालवली. मी ते गृहीतच धरलं. एक्याऐंशी वर्षांची लेखिका, भूतकाळातली मैत्रीण, अर्पणपत्रिका. अजून काय पुरावा हवा?

फोनवर मी पहिल्यांदा जे बोलले त्याची मला अजून लाज वाटते. मी म्हटलं, “पण ताई, प्रूफ तुम्ही बघितलंत ना? पानापानावर तुमची सही आहे.”

प्रूफ म्हणजे छापण्याआधीचा कच्चा नमुना. लेखकाने सही केली की चूक लेखकाची, असं आम्ही धंद्यातले लोक मानतो. आमची ढालच ती.

“बघितलं की,” त्या म्हणाल्या. “म्हणून तर मला कळलं.”

“काय कळलं?”

“रूथ गेली ते. मला माहीतच नव्हतं गं. वीस वर्षं मी चौकशी केली नव्हती. धीरच नव्हता. तुझ्या प्रुफात वाचलं आणि वाटलं, तुम्ही ऑफिसातले लोक, सगळं तपासूनच छापत असणार. तुला कुठूनतरी कळलं असेल. म्हणून सही केली.”

मी टेबलावरचं प्रूफ ओढून पाचवं पान काढलं; खाली त्यांची सही होती.

“महिनाभर मी तिचं सुतक पाळल्यासारखीच होते,” त्या शांतपणे सांगत होत्या. “कोणाला सांगू? माझ्याकडे आहे कोण? एका रविवारी रिक्षा करून चर्चला गेले. मेणबत्ती लावली. तिचे मिस्टर जॉनभाऊ वारले तेव्हा मी गेले नव्हते, कळूनही. मानापमान घेऊन बसले होते. म्हटलं, निदान हिच्या वेळी तरी जावं. आणि काल संध्याकाळी फोन वाजला. ‘ओळखलंस का? रूथ बोलतेय.’ अनघा, माझ्या हातातून फोन पडला.”

झालं असं होतं की कार्यक्रमाचं निमंत्रण, मीच बनवलेलं, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत फिरत रूथबाईंच्या नातीपर्यंत पोचलं. रूथबाई दिल्लीबाहेर मानेसरला मुलाकडे राहतात. मुलगा तिथे गाड्यांच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. नातीने निमंत्रण वाचून दाखवलं आणि त्या म्हणाल्या, नंबर लाव.

“ती येतेय आज,” शरयूताई म्हणाल्या. “मानेसरहून. सून घेऊन येतेय. तिने पुस्तक उघडलं तर काय वाटेल तिला? की हिने मला जिवंतपणी मारूनच टाकलं. चौकशीसुद्धा केली नाही. आणि खरंच नव्हती केली गं मी. ती एकदा उठून गेली ना, तर परत नाही यायची. आता आमच्याकडे रुसायला वेळ कुठे राहिलाय?”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, “ताई, तिथे काय लिहायचं ते सांगा. बाकी माझ्यावर सोडा.”

फोनवर कागद उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, “लिही, ‘रूथला. यायला उशीर झाला.’”

आमचे प्रॉडक्शनचे हेड मेहरा सर शनिवारीही ऑफिसात असतात, घरी त्यांना करमत नाही. मी धावत त्यांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “अनघा जी, एक लाइन की बात है. चिप्पी लगा दो.”

चिप्पी म्हणजे चुकीच्या ओळीवर चिकटवायचा कागदाचा तुकडा. सोपं काम. पण चिप्पी दिसली की वाचकाचं नख तिथे गेलंच म्हणून समजा. खाली काय आहे ते बघितल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही.

“सर, वो नाखून से उखाड़ेंगी। और नीचे क्या लिखा है?”

मेहरा सरांनी चष्मा काढला. “अरे यार,” म्हणाले. मग उठून स्वतः कपाट उघडलं आणि पुस्तकाला वापरलेल्या फिकट पिवळसर कागदाचा उरलेला गठ्ठा माझ्या हातात दिला. “सौ निकाल लो. पाँच बजे तक सौ ही हो पाएँगे. जाओ.”

ऑफिसच्या प्रिंटरवर शंभर पानं काढली. फरीदाबादला जायला टॅक्सीत बसले. कालिंदी कुंजला जाम लागला. मी मांडीवर गठ्ठा घेऊन बसले होते आणि ड्रायव्हरला दर पाच मिनिटांनी “भैया, और कितना?” विचारत होते. शेवटी तो म्हणाला, “मैडम, उड़ा के तो ले जा नहीं सकता।” बरोबरच होतं त्याचं.

आमचे बाइंडर यासीनभाई. सत्तरीचे, हाताला कायम खळ लागलेली, तिला ते लेई म्हणतात. मी त्यांना काय करायचंय ते सांगितलं. पुस्तकाचं एक पान बदलायचं म्हणजे ते नुसतं उपटता येत नाही. पुस्तकात सोळा-सोळा पानांचे घडी घातलेले गठ्ठे एकत्र शिवलेले असतात, अशा एका गठ्ठ्याला फर्मा म्हणतात. पान उपटलं की त्याच कागदाचं पलीकडचं पानही सुटतं. म्हणून शिवणीपाशी बोटाच्या नखाएवढी पट्टी ठेवून जुनं पान ब्लेडने कापायचं, त्या पट्टीला लेई लावायची, आणि नवं पान तिच्यावर बसवायचं. हात हलला तर खालचं पानही कापलं जातं.

“क्या गलती है?” यासीनभाईंनी विचारलं.

“ज़िंदा को मरहूम लिख दिया।”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ऐकवणार. पण त्यांचा चेहरा उजळला. “फिर तो उनकी उम्र बढ़ गई. मुबारक हो।” आणि ब्लेड घेऊन मांडी घालून बसले.

ते कापत होते, मी पानं पुढे करत होते, त्यांची सून प्रती पलटून वजनाखाली ठेवत होती. जेवायला उठलो नाही. अडीचला पन्नास झाल्या, पावणेचारला शहाऐंशी. यासीनभाईंची बोटं थरथरायला लागली तेव्हा मीच म्हटलं, बस. कापलेली शहाऐंशी पानं मी पिशवीत भरून घेतली. तिथे टाकून यायचं जिवावर आलं.

पाचला दहा मिनिटं कमी असताना हॉलवर पोचले. केस विस्कटलेले, ओढणीला लेई. शरयूताई दारातच उभ्या होत्या, मोतिया रंगाच्या साडीत. मी प्रत त्यांच्या हातात दिली. त्यांनी पाचवं पान उघडलं, बोट फिरवून बघितलं, आणि माझ्या गालावर हात ठेवला.

रूथबाई सव्वापाचला आल्या. बुटक्या, गोल, पांढरे केस मागे घट्ट बांधलेले, एका हातात काठी, दुसऱ्या हाताला सून. अध्यक्षांचं भाषण चालू होतं. शरयूताई स्टेजवरून सरळ उठून खाली आल्या. अध्यक्ष बोलायचे थांबले. सगळा हॉल मागे वळून बघायला लागला.

दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या.

“किती वाळलीस गं,” रूथबाई म्हणाल्या.

“तू वाळ की थोडी,” शरयूताई म्हणाल्या, आणि रडायलाच लागल्या. रूथबाईंनी काठी सुनेकडे दिली आणि त्यांना धरलं. अध्यक्ष समजूतदार होते, त्यांनी उरलेलं भाषण खिशात ठेवलं.

मग दोघी पहिल्या रांगेत शेजारीशेजारी बसल्या. रूथबाईंच्या हातात पुस्तक. मी दोन खुर्च्या सोडून बसले होते. आता त्या पाचवं पान उघडतील, मग सगळ्याचं चीज होईल, म्हणून मी वाट बघत होते. पण म्हातारी माणसं पुस्तक पहिल्या पानापासून उघडत नाहीत. ती आधी फोटो बघतात.

आणि तेव्हा मला फोटोंखालच्या ओळी आठवल्या.

फोटोंची आठ पानं आर्ट पेपरवर वेगळी छापलेली असतात, त्यांची फाइलही वेगळी. सकाळपासून माझ्या डोक्यात फक्त पाचवं पान होतं. होस्टेलच्या गच्चीवरचा दोघींचा एक फोटो होता, दोन वेण्या घातलेल्या दोन मुली. त्याच्याखालची ओळ मीच लिहिली होती, स्टाइल शीट समोर ठेवून. ‘लेखिका आणि दिवंगत रूथ साळवे.’

रूथबाईंनी पर्समधून भिंग काढलं. फोटो बघून हसल्या. मग भिंग खाली सरकवलं. सरकलेलं भिंग तिथेच थांबलं.

“शरयू,” त्या म्हणाल्या. “हे काय आहे?”

शरयूताईंनी वाकून वाचलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. मी उठले, पण माझ्या आधी त्याच बोलल्या. “मी लिहिलं. मी तुझी चौकशी केली नाही, रूथ.”

“त्यांनी नाही लिहिलं,” मी पुढे जाऊन म्हटलं. “मी लिहिलं. मी संपादक आहे. मी न विचारता लिहिलं. ह्यांनी ते वाचलं आणि खरं मानलं. महिनाभर तुमचा शोक केला त्यांनी. चर्चमध्ये जाऊन मेणबत्तीसुद्धा लावून आल्या.” आणि एवढं बोलून मी वेड्यासारखी पिशवीतली कापलेली पानं काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. “सकाळपासून ही कापत होतो. हे एक राहिलं.”

रूथबाईंनी पानं चाळली. शहाऐंशी वेळा त्यांचं नाव, शहाऐंशी वेळा दिवंगत. मग शरयूताईंकडे वळल्या.

“तू चर्चला गेलीस? तू?”

“गेले.”

“एकच मेणबत्ती लावलीस?”

“दोन,” शरयूताई खाली बघत म्हणाल्या. “एक जॉनभाऊंसाठी. त्यांच्या वेळी आले नव्हते ना.”

रूथबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला, परत घातला. मग माझ्याकडे हात पुढे केला. “पेन दे गं पोरी.”

मी पेन दिलं. त्यांनी फोटोखालच्या ‘दिवंगत’वर एक आडवी रेघ मारली. खाडाखोड नाही, नर्सेस चार्टमध्ये मारतात तशी, खालचं वाचता येईल अशी एकच रेघ. शेजारी लिहिलं, ‘हजर’. पुढे वेळ घातली, ५.४०. आणि खाली सही, रू. साळवे.

“तीन वर्षं हिच्या नावाची हजेरी मी दिली,” त्या म्हणाल्या. “आज पहिल्यांदा स्वतःची देतेय.”

शरयूताई डोळे पुसता पुसता हसायला लागल्या. मग त्यांनी पुस्तक घेतलं, स्वतः पाचवं पान उघडलं, आणि त्यांच्यासमोर धरलं. रूथबाईंनी भिंगातून सावकाश वाचलं. “उशीर तर तुला नेहमीच व्हायचा,” म्हणाल्या, आणि शरयूताईंचा हात हातात घेऊन बसल्या. कार्यक्रम संपेपर्यंत सोडला नाही.

नंतर सह्यांसाठी टेबलापाशी रांग लागली. एका प्रतीवर लेखिकेची सही झाली की ती शेजारच्या खुर्चीकडे सरकायची. रूथबाई फोटोचं पान काढायच्या, रेघ मारायच्या, ‘हजर’ लिहायच्या, मनगटावरच्या घड्याळात बघून वेळ घालायच्या. प्रत्येक प्रतीवर वेगळी वेळ. सून म्हणाली, “मम्मी, हात दुखेल, बस करा.” त्या म्हणाल्या, “ड्युटी आहे माझी.”

उरलेल्या प्रतींची पाचवी पानं यासीनभाईंनी पुढच्या आठवड्यात बदलली. फोटोखाली मात्र मेहरा सरांनी शेवटी चिप्पीच लावली. ज्यांच्या हातात अशी प्रत गेली त्या सगळ्यांनी ती नखाने उचकटून बघितली आहे, आणि मला फोन करून विचारलं आहे. शरयूताई आता महिन्यातून दोनदा मानेसरला जातात. रूथबाईंच्या मुलाच्या म्हणण्याप्रमाणे दोघी दिवसभर भांडतात.

कापलेल्या पानांपैकी एक माझ्या टेबलावर काचेखाली आहे. आणि आमच्या स्टाइल शीटमध्ये एक नवा नियम आहे, मेहरा सरांच्या सहीनिशी: ‘कै.’ किंवा ‘दिवंगत’ लिहिण्याआधी त्या माणसाला फोन करावा. त्याने उचलला, तर शब्द काढून टाकावा.